‘ग्रॅज्युएशन’ की ‘कर्टिस’? कान्ये आणि फिफ्टीच्या सामन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सामना कधीचा आणि कोणाचा?

तारीख ११ सप्टेंबर २००७, वार मंगळवार. कान्ये वेस्टचा ‘ग्रॅज्युएशन’ आणि फिफ्टी सेंटचा ‘कर्टिस’ हे दोन रॅप अल्बम त्या दिवशी अमेरिकेत एकदमच बाजारात आले आणि जास्त कोणाचा खपतो याचा सामना रंगला. दोघांचाही हा तिसरा अल्बम होता आणि दोघांचाही आधीचा अल्बम तुफान खपलेला होता. त्या वर्षी हिप हॉपमध्ये यांच्याइतकी मोठी नावं दुसरी नव्हतीच म्हटलं तरी चालेल.

माणसं मात्र दोन टोकांची. फिफ्टी, म्हणजे कर्टिस जॅक्सन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या साउथ जमैका वस्तीतला. लहान वयातच ड्रग्जच्या धंद्यात उतरलेला आणि २००० साली नऊ गोळ्या लागूनही वाचलेला. कान्ये शिकागोत वाढला, त्याची आई इंग्रजीची प्राध्यापिका. कॉलेज अर्ध्यात सोडून त्याने इतरांसाठी बीट, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं संगीत, बनवायला घेतले. गुलाबी टी-शर्ट आणि पाठीवर सॅक घेऊन स्टेजवर येणारा हा मुलगा आपल्याला रॅपर म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही म्हणून सतत चिडलेला असायचा. एक जण गोळ्यांच्या गोष्टी सांगायचा, दुसरा कॉलेजच्या फीच्या. म्हणून हा सामना दोन माणसांपुरता राहिला नाही. रॅप म्हणजे नक्की कोणाची गोष्ट, यावरच लोक दोन बाजूंना उभे राहिले.

दोन्ही अल्बम एकाच दिवशी येणं हा योगायोग होता का?

नाही. ‘कर्टिस’ आधी जूनमध्ये यायचा होता. पण ‘स्ट्रेट टू द बँक’ आणि ‘अम्युझमेंट पार्क’ ही त्याची पहिली दोन गाणी म्हणावी तशी चालली नाहीत आणि अल्बम पुढे ढकलत सप्टेंबरपर्यंत आला. ‘ग्रॅज्युएशन’ची तारीख १८ सप्टेंबर होती, ती आठवडाभर अलीकडे आणून मुद्दाम ११ केली. बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात: कान्येचं डेफ जॅम आणि फिफ्टीचं इंटरस्कोप ही दोन्ही लेबलं युनिव्हर्सल म्युझिक याच एका मोठ्या कंपनीची. जिंको कोणीही, पैसा एकाच घरात जाणार होता.

तारखेला अजून एक पदर आहे. बरोबर सहा वर्षांपूर्वी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, रॅपर जे-झीचा ‘द ब्लूप्रिंट’ हा अल्बम आला होता आणि त्यातली काही गाजलेली गाणी कान्येने बनवली होती. निर्माता म्हणून त्याचं नाव मोठं झालं ते तिथून.

मग हे भांडण खोटं होतं का?

खोटं म्हणणार नाही, पण वैरही नव्हतं. कान्येचा अल्बम आपल्यापेक्षा जास्त खपला तर आपण पुन्हा एकट्याचा अल्बम काढणार नाही, असं फिफ्टीने जाहीर केलं आणि आग पेटली. ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले. टीव्हीवरही एकत्र आले. एकमेकांवर शिव्यांची गाणी कोणी केली नाहीत, गोळी कोणी झाडली नाही. टुपॅक आणि बिगी या दोन रॅपरांच्या खुनांना तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ते आठवणाऱ्यांना दोन बड्या रॅपरांची ही हसतखेळत चाललेली चुरस पाहून किती बरं वाटलं असेल, याचा विचार करा. मला तरी ही त्या सामन्याची सर्वात सुंदर बाजू वाटते.

कोण जिंकलं?

कान्ये, आणि स्पष्ट फरकाने. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ‘ग्रॅज्युएशन’च्या सुमारे ९ लाख ५७ हजार प्रती खपल्या, ‘कर्टिस’च्या सुमारे ६ लाख ९१ हजार. अमेरिकेत विक्रीची संगणकीय मोजणी १९९१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून एकाच आठवड्यात आलेले दोन अल्बम प्रत्येकी सहा लाखांवर जाणं याआधी एकदाच घडलं होतं, तेही गन्स अँड रोझेसने १९९१ मध्ये स्वतःचेच दोन अल्बम एकदम काढले तेव्हा.

या आकड्यांकडे पाहताना मागचे आकडेही बघा. फिफ्टीचा ‘द मॅसकर’ २००५ मध्ये चार दिवसांतच अकरा लाखांच्या वर गेला होता. म्हणजे ‘कर्टिस’ हरला तो स्वतःच्याच थोरल्या भावापुढेही हरला. उलट कान्ये ‘द कॉलेज ड्रॉपआउट’च्या वेळी पहिल्या आठवड्यात ४ लाख ४१ हजार, मग ‘लेट रजिस्ट्रेशन’च्या वेळी ८ लाख ६० हजार आणि आता साडेनऊ लाखांवर, असा पायरी पायरीने चढत आला होता. एकाची कमान वर चाललेली, दुसऱ्याची खाली, आणि दोघं नेमके त्या मंगळवारी एकमेकांना भेटले.

आकडे सोडा. अल्बम म्हणून चांगला कोणता?

‘ग्रॅज्युएशन’. माझं हे मत ठाम आहे आणि त्याचं मुख्य कारण ‘काटछाट’ हे आहे.

कान्येच्या पहिल्या दोन्ही अल्बममध्ये एकवीस-एकवीस ट्रॅक होते, मध्ये मध्ये विनोदी संवादांचे तुकडे, पाहुण्या रॅपरांची रांग. ‘ग्रॅज्युएशन’मध्ये तेरा गाणी आहेत आणि संवादाचा तुकडा एकही नाही. पाहुणे मोजके, आणि जे आहेत ते बहुतेक गाण्याच्या गरजेपुरते. ‘गुड लाइफ’मध्ये टी-पेन, ‘फ्लॅशिंग लाइट्स’मध्ये ड्वेले, ‘होमकमिंग’मध्ये कोल्डप्लेचा क्रिस मार्टिन. ज्या माणसाला स्वतःबद्दल बोलायला आवडतं त्याने स्वतःच्याच कामाला अशी कात्री लावणं सोपं नसतं.

दुसरं कारण आवाजाचं. ‘लेट रजिस्ट्रेशन’नंतर कान्येने यू-टू आणि रोलिंग स्टोन्स यांच्या दौऱ्यांत त्यांच्या आधी स्टेज सांभाळलं होतं. हजारो लोक एका सुरात गातात तेव्हा काय होतं, हे त्याने रोज पाहिलं. मग त्याने बीटमध्ये मोठे, पसरणारे सिंथेसायझर आणले आणि ओळी अशा लिहिल्या की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सोबत म्हणता याव्यात. ‘आय वंडर’ ऐका. लॅबी सिफ्रेच्या जुन्या गाण्यातला हळवा पियानो आणि आवाज, त्यावर एकेक शब्द तोडून, थांबून फेकलेला. इतर कोणत्याही रॅपरने तिथे शब्दांची गर्दी केली असती. कान्येने जागा रिकामी सोडली, आणि ती रिकामी जागाच स्टेडियमभर घुमते.

तिसरं म्हणजे क्रम. ‘गुड मॉर्निंग’ने सुरुवात, ‘बिग ब्रदर’ने शेवट. सुरुवातीला पदवीचा झगा घालून मिरवणारा मुलगा शेवटी जे-झीबद्दल बोलायला लागतो. ज्याला देव मानलं त्याच्याबद्दलचं प्रेम, असूया आणि दुखावलेपण एकाच गाण्यात मांडतो. क्रिस मार्टिनबरोबर गाणं करतोय हे आपण जे-झीला सांगितलं आणि त्याचंच तसलं गाणं आधी बाहेर आलं, ही तक्रारही त्यात आहे. इतकी उघडी असूया गाण्यात कबूल करायला धैर्य लागतं.

म्हणजे ‘कर्टिस’ वाईट अल्बम आहे का?

अजिबात नाही, आणि ‘हरलेला अल्बम’ म्हणून तो न ऐकणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्यात एक फार चांगला छोटा अल्बम दडलेला आहे. एकूण सतरा ट्रॅक, त्यातले सात-आठ ठेवले असते तर आज वेगळीच चर्चा असती.

‘माय गन गो ऑफ’, ‘आय’ल स्टिल किल’, ‘आय गेट मनी’, ‘मूव्हिन ऑन अप’, मेरी जे. ब्लायजबरोबरचं ‘ऑल ऑफ मी’, ‘कर्टिस १८७’ एवढी गाणी सलग लावून बघा. आवाज तोच जाडसर, ओळ खेचत गाण्याकडे झुकणारा. गोळीने जबडा जखमी झाल्यावर त्याच्या बोलण्याला जी किंचित ओढ आली, ती त्याची ओळखच बनली. एकॉनबरोबरच्या ‘आय’ल स्टिल किल’मध्ये एवढ्या हिंसक शब्दांवर एकॉनचा गोड, जवळजवळ अंगाईसारखा हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) बसवला आहे, आणि त्या विसंगतीनेच अंगावर काटा येतो.

अडचण उरलेल्या अर्ध्या भागात आहे. ‘अम्युझमेंट पार्क’ म्हणजे फिफ्टीच्याच आधीच्या ‘कँडी शॉप’ या गाण्याचा साचा, फक्त मिठाईच्या दुकानाऐवजी जत्रा. ‘फॉलो माय लीड’, ‘फायर’, ‘पीप शो’ ही कुठल्या ना कुठल्या श्रोत्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली गाणी आहेत: हे मुलींसाठी, हे रेडिओसाठी, हे क्लबसाठी. २००३ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये, ‘गेट रिच ऑर डाय ट्राइन’मध्येही असं वाटप होतं, पण तेव्हा प्रत्येक कप्प्यात भूक होती. २००७ चा फिफ्टी करोडपती होता आणि तरीही तीच वस्ती, तेच पिस्तूल, तीच धमकी. अल्बमला स्वतःचं खरं नाव दिलं, तर त्या कर्टिसबद्दल काही नवं ऐकायला मिळेल असं वाटतं. ते फार थोडं मिळतं.

दोन्ही अल्बम समोरासमोर ठेवून कसे ऐकावेत?

मला विचाराल तर जोड्या लावून. तीन जोड्या सांगतो. त्या ऐकल्यावर वाद घालायला खरी मजा येते.

पहिली जोडी पैशाची: ‘आय गेट मनी’ आणि ‘गुड लाइफ’. दोन्ही गाणी श्रीमंतीची. फिफ्टीने ग्लासो या कंपनीत हिस्सा घेतला होता, तिचं व्हिटॅमिनवॉटर बाजारात चालत होतं आणि २००७ मध्ये कोका-कोलाने ती कंपनी ४.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्या गाण्यात फिफ्टी हा सौदा दोन ओळींत सांगतो: स्वस्तातलं पाणी, बाटलीचे दोन डॉलर, आणि मग कोका-कोला अब्जावधी घेऊन दारात. बीटच्या मुळाशी ऑडिओ टू यांचं १९८७ चं ‘टॉप बिलिन’ आहे. न्यूयॉर्कचा अगदी कोरडा, हाडं उघडी असलेला ठेका. ‘गुड लाइफ’मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘पी.वाय.टी.’चा तुकडा उंच, बारीक आवाजात फिरतो आणि टी-पेन ऑटोट्यूनमध्ये, म्हणजे यंत्राने सूर बदललेल्या आवाजात, गातो. फिफ्टी पैसा दाखवून तुम्हाला मागे सारतो, कान्ये तुम्हाला सोबत बोलावतो. तरी या जोडीत मी फिफ्टीला गुण देतो. ‘आय गेट मनी’सारखं निखळ रॅपचं गाणं ‘ग्रॅज्युएशन’मध्ये एकही नाही. पुढे त्याच्या रीमिक्समध्ये जे-झी आणि डिडी येऊन उभे राहिले, यावरूनच त्याचं वजन कळतं.

दुसरी जोडी हिंसेची: ‘माय गन गो ऑफ’ आणि ‘एव्हरीथिंग आय ॲम’. पहिल्या गाण्यात गिटारच्या आवाजावर फिफ्टी पिस्तुलाचा दरारा उभा करतो, आणि कारागिरी पक्की आहे. दुसऱ्यात एक उदास पियानो आहे. हा बीट आधी कॉमन या शिकागोच्याच रॅपरला दिला होता, त्याने घेतला नाही, आणि कान्ये ते गाण्यातच सांगून टाकतो. डीजे प्रीमियरच्या स्क्रॅचमध्ये (रेकॉर्ड हाताने मागे-पुढे घासून काढलेल्या आवाजात) पब्लिक एनिमी या रॅप गटाचा आवाज तुटत तुटत येतो. आणि मध्येच कान्ये आपल्या शहराबद्दल बोलतो: गेल्या वर्षभरात सहाशेहून जास्त शवपेट्या. आवाज न चढवता, एका दमात सांगून तो पुढे जातो. पिस्तुलाच्या मागे उभा असलेला माणूस आणि शवपेट्या मोजणारा माणूस, दोघंही त्याच अमेरिकेचे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की २००७ मध्ये लोक का बदलले हे कळतं. इथे कान्ये, निर्विवाद.

तिसरी जोडी यंत्रांच्या आवाजाची: ‘एयो टेक्नॉलॉजी’ आणि ‘स्ट्राँगर’. गंमत म्हणजे दोन्हींना टिंबलंड या निर्मात्याचा हात लागलेला आहे. पहिलं त्याच्याच निर्मितीतलं, त्यात जस्टिन टिंबरलेकही आहे. दुसऱ्याचे ड्रम्स कान्येच्या मनासारखे बसेनात, मिक्सिंग पुन्हा पुन्हा होत राहिलं आणि शेवटी ड्रम्ससाठी टिंबलंडची मदत घेतली. ‘स्ट्राँगर’चा गाभा डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या २००१ च्या गाण्यातला. आज रॅप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र ऐकून कोणालाच नवल वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं. ‘एयो टेक्नॉलॉजी’ची चाल मात्र कमी लेखू नका. बेल्जियमच्या मिलोने ती नुसत्या गिटारवर गाऊन युरोपभर गाजवली, तेव्हा चालीत किती दम आहे हे दिसलं. पण मूळ गाण्यात फिफ्टी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वाटतो. ‘स्ट्राँगर’ कान्येचंच राहतं.

रॅपर म्हणून दोघांत सरस कोण?

या दोन अल्बमपुरतं बोलायचं तर फिफ्टी. श्वासावरचा ताबा, ठेक्याच्या किंचित मागे राहून बोलण्याची लकब, कडव्यातून हुकमध्ये अलगद सरकणं, यात तो कान्येच्या पुढे आहे. हुक लिहिण्यात तर त्या दशकात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. कान्येची यमकं काही ठिकाणी ओढूनताणून जुळवलेली आहेत आणि लिल वेनबरोबरच्या ‘बॅरी बाँड्स’मध्ये दोघांपैकी कोणीच फार कष्ट घेतलेले दिसत नाहीत. तरीही कान्येकडे सांगण्यासारखं जास्त होतं. अल्बम ऐकून झाल्यावर मनात उरतं ते तेच.

सॅम्पल वापरणं म्हणजे दुसऱ्याचं उचलणं नाही का?

परवानगी घेऊन, श्रेय आणि पैसे देऊन वापरलं तर नाही. सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा घेऊन त्यावर नवं गाणं उभं करणं. हिप हॉप जन्मलं तेच डीजेंनी जुन्या रेकॉर्डवरचे ठेके पुन्हा पुन्हा वाजवण्यातून.

‘ग्रॅज्युएशन’ मला प्रिय आहे ते यासाठीही. एल्टन जॉन, स्टीली डॅन, लॉरा नायरो, जर्मनीचा कॅन हा बँड, लॅबी सिफ्रे, मायकल जॅक्सन आणि डाफ्ट पंक अशी माणसं एकाच रॅप अल्बममध्ये भेटतात. स्टीली डॅनने ‘चॅम्पियन’साठी आधी नकार दिला होता. हे गाणं आपल्या वडिलांबद्दल आहे असं कान्येने हाताने पत्र लिहून कळवलं, तेव्हा ते तयार झाले. या अल्बममुळे मी लॉरा नायरोपर्यंत पोहोचलो, आणि त्यासाठी मी कान्येचा कायम ऋणी राहीन. तुम्हीही आवडलेल्या गाण्याचं मूळ शोधून ऐका.

दोन्हींतलं सर्वात कमजोर गाणं कोणतं?

‘ग्रॅज्युएशन’मधलं ‘ड्रंक अँड हॉट गर्ल्स’. कॅनसारख्या बँडचा इतका वेगळा तुकडा मिळाला, मॉस डेफसारखा कवी सोबतीला आला, आणि त्याचं केलं काय, तर पिऊन झिंगलेल्या मुलीबद्दल पाच मिनिटांची कुरकुर. तेरा गाण्यांच्या अल्बममध्ये असं एक गाणंही खटकतं.

‘कर्टिस’मधलं ‘अम्युझमेंट पार्क’. कारण वर आलंच आहे.

दोघांच्या गाण्यांत एक नाव सारखं आहे म्हणतात, ते काय?

‘टच द स्काय’. ‘कर्टिस’मध्ये टोनी येयोबरोबर या नावाचं गाणं आहे आणि कान्येच्या ‘लेट रजिस्ट्रेशन’मध्ये २००५ सालीच याच नावाचं गाणं येऊन गेलं होतं. दोन गाण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. शोधताना गोंधळ होतो, एवढंच.

फिफ्टीने शब्द पाळला का?

नाही. २००९ मध्ये ‘बिफोर आय सेल्फ डिस्ट्रक्ट’ आला आणि त्यानंतरही तो अल्बम काढत राहिला. मला त्यात फसवणूक वाटत नाही. ते विधान अल्बम विकण्यासाठी होतं आणि त्याने दोन्ही अल्बम विकले. त्यावर्षी लोक गाणी फुकट उतरवून घेत होते, सीडीचा खप सगळीकडे घसरत होता, आणि अशा काळात एका आठवड्यात दोन रॅप अल्बम मिळून सोळा लाखांवर गेले. त्याचं निम्मं श्रेय फिफ्टीच्या तोंडाला द्यायलाच हवं.

त्या आठवड्यात गँगस्टा रॅप संपलं, हे खरं आहे का?

हे वाक्य इतकं सोयीचं आहे की सगळे ते म्हणतात. मला ते पटत नाही. रस्त्यावरचं, पिस्तुलाचं, धंद्याचं रॅप त्यानंतरही भरपूर चाललं. अटलांटाच्या ट्रॅप या प्रकाराने तर पुढची अनेक वर्षं व्यापली, आणि शिकागोतूनच ड्रिल हा प्रकार आला. गंमत अशी की ‘ग्रॅज्युएशन’मधल्या ‘कान्ट टेल मी नथिंग’वर अटलांटाच्याच डीजे टूम्पचा हात आणि यंग जीझीचा आवाज आहे. ज्या संगीताला कान्येने हरवलं म्हणतात, त्याचाच एक तुकडा त्याच्या खिशात होता.

बदललं ते वेगळंच. रॅपचा सर्वात मोठा तारा व्हायला खडतर, गुन्हेगारीचा भूतकाळ असलाच पाहिजे, ही अट गेली. शंका, एकटेपण, असूया यांबद्दल बोलूनही पहिला क्रमांक मिळू शकतो हे सिद्ध झालं. नोव्हेंबर २००७ मध्ये कान्येची आई, डोंडा वेस्ट, गेली. पुढच्या वर्षी त्याने ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ काढला, ज्यात तो रॅप सोडून जवळजवळ पूर्णपणे ऑटोट्यूनमध्ये गायला. किड कडी आणि ड्रेक त्याच वाटेने आले. ती वाट ‘ग्रॅज्युएशन’च्या विजयाने रुंद झाली होती. फिफ्टी जिंकला असता तरी ती बहुधा सापडली असती, थोडी उशिरा.

त्या आठवड्यात तिसरा कोण होता?

कंट्री गायक केनी चेस्नी. त्याचाही अल्बम त्याच दिवशी आला, सुमारे ३ लाख ८७ हजार प्रती खपल्या आणि तो तिसरा राहिला. दुसऱ्या बहुतेक आठवड्यांत तो सहज पहिला आला असता.

ग्रॅमीत काय झालं?

फेब्रुवारी २००८ मध्ये ‘ग्रॅज्युएशन’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मिळाला. वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठीही नामांकन होतं, पण तो मान जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकला गेला.

आपल्याकडच्या रॅपशी या दोघांचा काही संबंध?

आहे, आणि तो थेट आहे. मुंबईच्या डिव्हाईनने सांगितलं आहे की शाळेतल्या एका मित्राच्या अंगावर फिफ्टी सेंटचा टी-शर्ट पाहिला आणि तिथून त्याची हिप हॉपशी ओळख झाली. ‘गेट रिच ऑर डाय ट्राइन’ने अंधेरीतल्या एका मुलाला आपल्या वस्तीबद्दल बोलायचं बळ दिलं. डिव्हाईनच्या गाण्यांतली छाती काढून उभं राहण्याची रीत, गल्लीचा अभिमान, आवाजातली खरखर, यात मला फिफ्टी स्पष्ट ऐकू येतो.

कान्येची छाया अधिक अप्रत्यक्ष आहे. पुण्याचा एमसी स्टॅन ऑटोट्यूनमध्ये दुखणं गातो तेव्हा त्या आवाजाची वंशावळ टी-पेन आणि ‘८०८ज’पर्यंत जाते, असं मी मानतो. वस्तीची गोष्ट फिफ्टीच्या घराण्यातली आणि सूर कान्येच्या, असं दोन्हींचं मिश्रण आज मराठी आणि हिंदी रॅप करणाऱ्या कित्येक मुलांत दिसतं. २००७ मध्ये लोक दोनपैकी एक बाजू निवडायला सांगत होते. आपल्या पोरांनी दोन्ही घेतल्या, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

कान्येच्या नंतरच्या वागण्यानंतरही हा अल्बम ऐकावा का?

हा प्रश्न टाळू नये. ये या नावाने आता ओळखला जाणारा हा माणूस २०२२ मध्ये ज्यूंबद्दल उघड द्वेषाचं बोलला, आदिदासने त्याच्याशी करार मोडला, आणि नंतरही तो थांबला नाही. त्या बोलण्याचं कसलंही समर्थन होऊ शकत नाही. कोणी त्यासाठी त्याची गाणी कायमची बंद केली असतील तर त्यांना मी ‘कलाकार वेगळा, कला वेगळी’ असं ऐकवणार नाही. ज्यांच्याबद्दल ते बोललं गेलं त्यांच्या जागी उभं राहून हे वाक्य म्हणून बघावं, तोंडातून निघत नाही.

मी ‘ग्रॅज्युएशन’ अजून ऐकतो. पण ‘बिग ब्रदर’मधला दुखावलेला धाकटा भाऊ आणि ‘एव्हरीथिंग आय ॲम’मधला स्वतःला सावरू पाहणारा माणूस आता वेगळे ऐकू येतात. तेव्हा त्यात आत्मपरीक्षण ऐकू यायचं. आता काळजी वाटते, राग येतो, आणि ते गाणं संपेपर्यंत दोन्ही सोबत असतात.

इंग्रजी रॅप पटकन समजत नाही. सुरुवात कुठून करू?

‘होमकमिंग’पासून. कान्येने शिकागो शहराला मुलगी केलं आहे, तिचं नाव विंडी. तिला सोडून मोठं व्हायला गेलेला मुलगा परत येऊन बोलतो. गाव सोडून मुंबई-पुण्याला आलेल्या कोणालाही हे समजायला शब्दकोश लागणार नाही. त्यानंतर ‘फ्लॅशिंग लाइट्स’, मग ‘कान्ट टेल मी नथिंग’. शब्द समोर ठेवून ऐका, पहिल्यांदा संथ गाणीच घ्या.

फिफ्टीचं रॅप समजायला उलट सोपं जातं, कारण तो शब्द चावत नाही, ओढून म्हणतो. ‘ऑल ऑफ मी’ आणि ‘आय गेट मनी’ने सुरुवात करा. मग मागे ‘गेट रिच ऑर डाय ट्राइन’कडे जा, तो या दोन्ही अल्बमपेक्षा जास्त भुकेला आहे.

घरात, मुलांसमोर लावता येतील का?

मूळ आवृत्त्या नाही. दोन्हींत शिव्या आहेत, ‘कर्टिस’मध्ये त्याशिवाय हिंसा आणि शरीराबद्दलचं उघड बोलणं बरंच आहे. दोन्ही अल्बमच्या शिव्या गाळलेल्या आवृत्त्या मिळतात. ‘ग्रॅज्युएशन’ची तशी आवृत्ती बऱ्यापैकी चालते. ‘कर्टिस’मध्ये इतके शब्द गाळावे लागतात की गाणी लंगडतात. तो हेडफोनवरच ऐका.

पार्टीसाठी दोन्हींतून पाचच गाणी निवडायची असतील तर?

‘आय गेट मनी’, ‘स्ट्राँगर’, ‘गुड लाइफ’, ‘एयो टेक्नॉलॉजी’, ‘फ्लॅशिंग लाइट्स’. याच क्रमाने. ‘आय गेट मनी’ मध्ये किंवा शेवटी ठेवू नका, त्या कोरड्या ठेक्यानंतर कुठलंही गाणं मोठं वाटतं पण त्याच्या आधी भरगच्च सिंथेसायझर वाजले तर तेच गाणं बारीक वाटायला लागतं.